पाकटावर बाण : परवानगी देण्यापूर्वी मोजणी हवी

अर्नाळा, पाचूबंदर किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकाला पाकट मासा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पसरट अंग, पंखांसारख्या दोन बाजू, चाबकासारखी शेपटी आणि त्या शेपटीवर विषारी काटा. जाळ्यात पाकट आला की जाणता नाखवा प्रथम तो काटा मोडून काढतो आणि मगच माशाला हात घालतो. बाजारात पाकटाला सुरमई-पापलेटचा मान नाही. तरीही खारवून सुकवलेल्या पाकटाने पावसाळ्यात अनेक घरांचे जेवण रुचकर केले आहे. आपल्याकडे पाकट हे अन्न आहे. ती शिकार नव्हे आणि खेळ तर नव्हेच.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र याच कुळातील एका माशावर धनुष्यबाण चालवावा की नाही, चालवावा तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न गेली काही वर्षे विधिमंडळापर्यंत जाऊन पोहोचला आहे. प्रश्न दूरचा खरा. परंतु समुद्रातील एखाद्या जीवाविषयी कायदा करताना माणसे कशी घाईला येतात, एखादी पटणारी गोष्ट ऐकली की हिशेब करण्याचे कसे विसरतात, हे त्या प्रकरणातून स्वच्छ दिसते. आणि तीच चूक उलट्या दिशेने आपल्याही देशात एकदा घडलेली आहे. म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

ही घटना चेसापीक उपसागरातील होय. मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या मध्ये शिरलेला हा निमखाऱ्या पाण्याचा विशाल फाटा सुमारे तीनशे किलोमीटर लांब आहे. आपल्या वाचकांना या भागाची आणखी एक ओळख सांगण्यासारखी आहे : इंग्लंडमधील छळाला कंटाळलेल्या कॅथलिकांना आसरा मिळावा, हा मेरीलँड वसाहतीमागील एक हेतू होता आणि २५ मार्च १६३४ रोजी येशूसंघीय फादर अँड्र्यू व्हाइट यांनी पोटोमॅक नदीतील सेंट क्लेमंट बेटावर तेथील पहिले मिस्साबलिदान अर्पण केले. असो. त्याहूनही पूर्वी, १६०८ च्या उन्हाळ्यात, कॅप्टन जॉन स्मिथ हा इंग्रज दर्यावर्दी रॅपाहॅनॉक नदीच्या मुखाशी उथळ पाण्यात तलवारीने मासे भोसकीत होता. तलवारीच्या टोकावरून एक मासा सोडविताना त्याच्या मनगटात काटा घुसला. हात आणि खांदा इतका सुजला की सोबत्यांनी त्याच्यासाठी थडगे खणावयास घेतले. संध्याकाळपर्यंत तो सावरला आणि रात्रीच्या जेवणात त्याने तोच मासा खाल्ला! त्या भूशिराला आजही ‘स्टिंगरे पॉइंट’ असे नाव आहे. तो मासा बहुधा ‘काऊनोज रे’ जातीचा पाकट असावा, असे जाणकार मानतात. चारशे वर्षांपूर्वीचा हा प्रसंग एवढ्यासाठी महत्त्वाचा की, हा पाकट त्या पाण्यात अलीकडे घुसलेला उपरा आहे, असा जो समज पुढे पसरला त्याला तो छेद देतो.

काऊनोज म्हणजे गाईच्या नाकाचा. समोरून पाहिले असता त्याचे तोंड खरोखरच गाईच्या नाकाडासारखे दुभागलेले दिसते. पाठ तपकिरी, पोट पांढरे, पूर्ण वाढलेल्या मादीची रुंदी एक मीटरच्या आसपास. शेकडोंच्या, कधी हजारोंच्या थव्याने तो पोहतो आणि पंखांची टोके पाण्याबाहेर काढतो, तेव्हा नवख्या माणसाला मुशी आल्याचा भास होतो. तोंडात दातांऐवजी सपाट, कठीण पट्ट्या असतात. वाळू-चिखल पंखांनी उडवून तो खालच्या शिंपल्या शोधतो व या पट्ट्यांखाली जात्यात भरडाव्यात तशा भरडतो. मे महिन्यात थवे चेसापीकमध्ये शिरतात आणि शरद ऋतूत दक्षिणेकडे परततात.

आता ज्या गोष्टीवर सारा प्रश्न अवलंबून आहे ती गोष्ट. बांगडा, सुरमई यांसारखे मासे हजारो-लाखो अंडी सोडतात. त्यांतील बहुतेक नष्ट झाली तरी वंश चालतो. पाकटाचे तसे नाही. काऊनोज मादी सात-आठ वर्षांची होईपर्यंत वयात येत नाही. त्यानंतर तिला वर्षाला एकच पिल्लू होते. हे पिल्लू सुमारे अकरा महिने आईच्या पोटात असते. प्रथम अंड्यातील बलकावर आणि नंतर आईच्या गर्भाशयात पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर ते पोसले जाते. जन्मताच ते सुमारे ४० सेंटीमीटर रुंद असते. जून-जुलैच्या सुमारास माद्या चेसापीकच्या उथळ नद्यांत प्रसूत होतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा गर्भवती राहतात. तेव्हा मे-जूनमध्ये त्या पाण्यात आलेली मोठी मादी जवळजवळ नेहमीच पूर्ण दिवस भरलेली असते.

धनुष्याने मासे मारण्याची रीत अगदी साधी आहे. बाणाच्या टोकाला आकडे असतात, बाणाला मजबूत दोरी बांधलेली असते आणि दोरीचे रीळ धनुष्यावरच बसविलेले असते. उथळ पाण्यात होडीच्या उंच फळीवर उभे राहून नेम धरायचा, बाण सोडायचा आणि रुतलेला मासा दोरीने ओढून घ्यायचा. अमेरिकेत गोड्या पाण्यातील कार्पसारख्या, फारशी किंमत नसलेल्या माशांसाठी ही रीत अनेक राज्यांत कायदेशीर आहे. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जाळ्यात नको तो मासा, कासव, डॉल्फिन अडकतो. बाण मात्र दिसणाऱ्या एकाच माशावर सुटतो. समुद्रात तुटकी जाळी मागे राहत नाहीत. खर्च थोडा. जो माणूस एखाददुसरा पाकट मारून घरी नेतो आणि शिजवून खातो, त्याच्यात आणि गळ टाकून बसलेल्या माणसात नीतीचा मोठा फरक दाखविणे कठीण आहे.

तथापि बाणाचा एक दोष असा आहे की जो कोणत्याही नियमाने दूर होत नाही. गळाला लागलेला मासा लहान निघाला, मादी निघाली, बंदी असलेल्या जातीचा निघाला, तर तो पाण्यात सोडता येतो. जाळ्यातूनही पुष्कळदा सोडता येतो. बाण लागलेला मासा सोडता येत नाही. म्हणजे इतर मासेमारीत जो निर्णय हाती आल्यावर घेता येतो, तो येथे नेम धरण्यापूर्वीच घ्यावा लागतो. आणि गढूळ पाण्यात थव्याने जाणाऱ्या पाकटांपैकी नर कोण, गर्भवती कोण, हे होडीवरून ओळखणे अवघड आहे. नेम साहजिकच सर्वांत मोठ्या सावलीवर जातो. ती सावली बहुधा मादीची असते.

हे सर्व असताना मेरीलँडमध्ये या पाकटाला ना हंगाम होता, ना संख्येची मर्यादा. वाटेल तेवढे मारावेत. इतका बेफिकीर कायदा का टिकला, याचे उत्तर एका शास्त्रीय निबंधात सापडते.

मार्च २००७ मध्ये ‘सायन्स’ या विख्यात नियतकालिकात कॅनडातील डलहौसी विद्यापीठाचे रॅन्सम मायर्स आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध प्रसिद्ध झाला. (मायर्स यांचे निधन निबंध छापून येण्याच्या केवळ तीन दिवस आधी झाले.) निबंधाचा आशय थोडक्यात असा : १९७० नंतरच्या पस्तीस वर्षांत अतिमासेमारीमुळे अटलांटिक किनाऱ्यावरील मोठ्या मुशी फार घटल्या, त्यांना घाबरणारे कोणी उरले नाही म्हणून काऊनोज पाकट बेसुमार वाढले, आणि या पाकटांनी नॉर्थ कॅरोलायनातील स्कॅलॉप, म्हणजे पंख्याच्या आकाराच्या शिंपल्या, इतक्या फस्त केल्या की शंभर वर्षांचा तो व्यवसाय २००४ मध्ये बंद करावा लागला. मुशी गेली, पाकट वाढला, शिंपली संपली. गोष्ट तीन ओळींत सांगता येण्यासारखी होती आणि तिच्यात खलनायकही होता. पाठ्यपुस्तकांनी ती घेतली, वृत्तपत्रांनी घेतली.

चेसापीकमधील कालवांच्या व्यावसायिकांना तर ती मनोमन पटली. तेथील कालवे पूर्वीच्या तुलनेत एक-दोन टक्क्यांवर आलेली होती आणि लाखोंच्या संख्येने तळाशी पसरलेले कालवांचे बी पाकटांनी खाऊन टाकल्याचे अनुभव ताजे होते. त्यांची तक्रार खोटी नव्हती. स्वतःच्या पैशाने पेरलेले पीक रात्रीत कोणी खाल्ले तर शेतकरी जे बोलेल तेच ते बोलत होते. मग ‘उपसागर वाचवा, पाकट खा’ अशा अर्थाची मोहीम व्हर्जिनियात सुरू झाली. माशांऐवजी गोमांसाची आठवण करून देणारे त्याचे लालसर मांस हॉटेलांत खपविण्याचा प्रयत्न झाला. तो फारसा साधला नाही, कारण पाकटाच्या रक्तामांसात युरिया असतो आणि मासा लगेच साफ करून थंड केला नाही तर त्याला अमोनियाचा वास येतो. आपल्या कोळी भगिनींना हे कोणी शिकवावे लागले नसते! खाण्याची मोहीम थंडावली. मारण्याची मात्र चालूच राहिली. पाकट मारणे म्हणजे उपसागराची सेवा करणे, असा समज एव्हाना दृढ झाला होता.

२०१६ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे डीन ग्रब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये या गोष्टीचा एकेक सांधा तपासला आणि तो बहुतेक ठिकाणी निखळलेला आढळला. मुशींची घट आणि पाकटांची कथित वाढ यांचे काळ जुळत नाहीत. ज्या मुशी घटल्या असे म्हटले गेले, त्यांतील बहुतेकींच्या आहारात काऊनोज पाकटाला फारसे स्थान नाही. पाकटांच्या पोटात सापडलेल्या अन्नात कालवे आणि स्कॅलॉप यांचे प्रमाण अल्प होते. आणि कालवांचा ऱ्हास तर पाकटांवर आरोप होण्याच्या कितीतरी आधीचा : एकोणिसाव्या शतकापासूनचा बेसुमार उपसा, शेतजमिनीतून वाहून येणारा गाळ, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास पसरलेले ‘डर्मो’ व ‘एमएसएक्स’ हे दोन रोग ही त्याची परिचित कारणे आहेत.

सर्वांत साधा आक्षेप मात्र अंकगणिताचा होता. वर्षाला एक पिल्लू, आणि तेही सात-आठ वर्षांनी वयात येणारे. असा प्राणी उंदरांसारखा वाढत नाही, वाढूच शकत नाही. पाहणीत अधिक पाकट दिसले याचा अर्थ त्या वर्षी थवे पाहणीच्या वाटेत आले, एवढाही असू शकतो. उलट बाजूने हेच गणित अधिक भीतिदायक आहे. समजा, एका नदीत शंभर प्रौढ माद्या येतात आणि एका जूनमध्ये त्यांतील वीस मारल्या गेल्या. त्यांच्यासोबत पोटातील वीस पिल्लेही गेली. उरलेल्या ऐंशी माद्यांना त्या वर्षी ऐंशी पिल्ले होतील, त्यांतील निम्म्याच माद्या, त्यांतील काही मुशींच्या तोंडी, काही जाळ्यांत. आणि ज्या वाचतील त्यांचे पहिले पिल्लू सात-आठ वर्षांनंतर. दरम्यान दर जूनला पुन्हा वीस मारल्या गेल्या तर काय होईल, हे सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत या जातीची नोंद आज ‘असुरक्षित’ गटात आहे.

जून महिना मी सहज निवडलेला नाही. पॅटक्सेंट नदी व आसपासच्या पाण्यात धनुर्धाऱ्यांच्या पाकट मारण्याच्या स्पर्धा याच सुमारास भरत. बक्षीस वजनावर. वजन कोणाचे अधिक भरणार? पोटुशा मादीचे. २०१५ मध्ये प्राणिहितासाठी काम करणाऱ्या संघटनांनी अशा एका स्पर्धेचे चित्रीकरण प्रसिद्ध केले. होडीत ओढलेल्या पाकटांना दांडक्याने ठेचले जात होते, वजनकाट्याजवळ ढीग लागले होते आणि मृत माद्यांच्या पोटातून पिल्ले बाहेर पडलेली दिसत होती. त्यांतील कितीतरी पाकट कोणाच्याही ताटात गेले नाहीत. ते पुन्हा पाण्यात फेकले गेले. हे चित्र पाहून जनमत ढवळून निघाले. २०१७ मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळाने काऊनोज पाकट मारण्याच्या स्पर्धांना १ जुलै २०१९ पर्यंत मनाई केली आणि या माशासाठी व्यवस्थापन आराखडा तयार करण्याची जबाबदारी राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागावर टाकली. २०१९ मध्ये मनाईची मुदत वाढविण्यात आली. मनाई स्पर्धांना झाली, धनुष्याला नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे.

माझ्या मते विधिमंडळाने रेघ योग्य ठिकाणी ओढली, पण ती ओढण्यासाठी चित्रफितीची वाट पाहावी लागली हे दुर्दैव. दृश्य क्रूर होते म्हणून कायदा बदलला; हिशेब चुकीचा होता म्हणून तो बदलला असता तर अधिक बरे झाले असते. कारण उद्या कोणी स्वच्छ, नेटकी, दांडक्याविना स्पर्धा भरविली तर डोळ्यांना खटकणार नाही, पण मेलेल्या मादीचे गणित तेच राहील. किनारी खाऱ्या पाण्यात पाकटावर बाण चालविण्यास एखाद्या राज्याला कायद्याने परवानगी द्यावयाची असेल, तर धनुष्य चांगले की वाईट या वादात शिरण्याचे कारण नाही. पिल्ले जन्मून थवे मोकळे होईपर्यंत हंगाम बंद ठेवावा. एका माणसाने दिवसाला किती मारावेत याचा आकडा ठरवावा, आणि तो लहान असावा. मारलेला प्रत्येक मासा नोंदविला जावा, कारण आजवर कोणी मोजलेच नाहीत हेच या प्रकरणाचे मूळ आहे. मारलेला मासा टाकून देणे हा गुन्हा ठरावा. आणि वजनावर बक्षीस नको. कालवे पेरणाऱ्यांच्या नुकसानीला उपाय आहे तो बाणाचा नव्हे. बी पिंजऱ्यात किंवा जाळीखाली वाढविले की पाकटाचे तोंड तेथवर पोहोचत नाही, आणि कालवाचे कवच पुरेसे मोठे झाले की ते त्याच्या जबड्यात मावतही नाही.

आता आपल्याकडील प्रसंग. जुलै २००१ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने मुशी आणि पाकट यांच्या साऱ्या कुळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकले. पहिली अनुसूची म्हणजे वाघाची अनुसूची. एका अधिसूचनेने बाजारात पाकट विकणारी कोळीण आणि वाघाची शिकार करणारा यांना कायद्याने एका रांगेत बसविले. जाळ्यात काय यावे हे नाखवा ठरवू शकत नाही, याचा विचार झाला नव्हता. कोणती जात खरोखर संकटात आहे आणि कोणती नाही, याचीही पुरेशी छाननी झाली नव्हती. किनारपट्टीवर विरोध झाला आणि डिसेंबर २००१ मध्ये यादी दहा जातींपुरती मर्यादित करण्यात आली. करवत मासा आणि देवमुशी त्या यादीत राहिले, आणि ते राहणे रास्तच होते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, संरक्षित जातींची संख्या पुन्हा वाढली आहे. तेव्हा आपल्या तांडेलांनी नवी यादी मत्स्यव्यवसाय कार्यालयातून समजून घ्यावी, हे बरे.

मेरीलँडने न मोजता सारे मोकळे सोडले. दिल्लीने पुरेसे न मोजता सारे बंद केले. एका ठिकाणी मासा भरडला गेला, दुसऱ्या ठिकाणी कोळी भरडला जाणार होता. आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. तिच्याविषयी कुरबुरी नेहमीच ऐकू येतात, परंतु माशांच्या विणीच्या दिवसांत समुद्राला उसंत द्यावी हे तिच्यामागील तत्त्व आपल्या वाडवडिलांनाही मान्य होते. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी लोटू नये, हा संकेत सरकारी परिपत्रकाहून पुष्कळ जुना आहे. गंमत अशी की त्याच जून महिन्यात, जगाच्या दुसऱ्या टोकाला, भरल्या पोटाच्या मादीवर बक्षिसे लावली जात होती.

मोजणीचे काम तेथे आता सुरू झाले आहे. स्मिथसोनियन संस्थेच्या चेसापीककाठच्या पर्यावरण संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी काही पाकटांच्या अंगात ध्वनिसंकेत देणारी लहान यंत्रे बसविली आणि किनाऱ्यालगत ठिकठिकाणी ते संकेत टिपणारी साधने ठेवली. २०१८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उन्हाळ्यात चेसापीकमध्ये असणारे पाकट हिवाळ्यात फ्लोरिडाच्या केप कॅनाव्हेरल भूशिराजवळ एकत्र येतात. वसंतात ते परत निघतात, आणि शेकडो मैलांचा प्रवास करून पुष्कळसे ज्या नदीतून गेले होते त्याच नदीत येतात. पॅटक्सेंटचा पाकट पॅटक्सेंटमध्येच. एखाद्या नदीतील माद्या संपल्या तर शेजारच्या नदीतून येऊन कोणी ती भरून काढील, हा भरवसा त्यामुळे धरता येत नाही.